पहाटेचा दाणा

डोंगरावर धुकं आहे तोवरच तोकियाचे, म्हणजे ताडासारख्या एका झाडाच्या पानांचे, तंतू हाताचं ऐकतात. ऊन चढलं की ते कोरडे पडतात आणि बोटांतल्या बोटांत मोडतात. म्हणून माँतेक्रिस्तीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात टोप्या विणायच्या त्या उजाडायच्या आधी, आणि पुन्हा दिवस कलल्यावर. मधला वेळ चुलीचा, कोंबड्यांचा, लेकरांचा.

पहाटेची बैठक दोमितिलाच्या ओसरीवर भरे; गाव तिला मानाने ‘दोन्या’ म्हणे. बैठक नुसती म्हणायला. उत्तम टोपी विणणारी बाई बसत नाही. ओंडक्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर टोपी, टोपीवर उशी. त्या उशीवर छाती टेकवायची आणि कमरेतून वाकून, मान खाली घालून विणत राहायचं. रेशमासारख्या बारीक टोपीला महिनोन् महिने लागतात. ती टोपी पुढे कुठल्याशा दूरदेशी, एखाद्या धनिकाच्या डोक्यावर जाऊन विराजमान होते. विणणारीचं डोकं मात्र कवटीभोवती दोरी आवळावी तसं दुखत राहतं. ते दुखायचंच, असं गाव मानत आलं होतं. दुखतं म्हणून दवाखान्यात जाणाऱ्या बाईला दोनच नावं मिळत, कामचुकार किंवा डोक्याने अधू.

त्यावर गावाने एक तोड काढली होती. तिला बायका ‘दाणा’ म्हणत.

दाणा म्हणजे निळी गोळी. दोमितिलाची धाकटी बहीण नेल्वा न्यूयॉर्कला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेली होती. तिथल्या डॉक्टरने तिच्या डोकेदुखीवर ही गोळी लिहून दिली. नेल्वाने पहिल्याच वर्षी कपडे, साबण आणि चॉकलेटांच्या खोक्यात एक बाटली घालून पाठवली. ‘ताई, फार गुणाची आहे, पण थोडी झोप येते,’ एवढं फोनवर सांगितलं. गुण खराच आला. दोमितिलाने एकटीने तो भोगला नाही. तिचा स्वभावच तसा नव्हता. ओसरीवर आलेल्या प्रत्येकीला ती काळ्या कॉफीच्या वाटीबरोबर एक गोळी तळहातावर ठेवू लागली. पुढे दर खोक्यात बाटल्या येऊ लागल्या आणि ती रीतच पडली. शिकाऊ मुलगी मोठ्या बायकांच्या रांगेत उभी राहिली की तिलाही दाणा मिळे, आणि तो मिळाला म्हणजे ती विणकरीण झाली.

त्या दिवशी तसाच एक मान द्यायचा होता. दोमितिलाची कोमाद्रे, म्हणजे तिच्या मुलाची धर्ममाता आउक्सिलियादोरा, आपल्या तेरा वर्षांच्या नातीला घेऊन आली होती. युलेइसीने केस घट्ट बांधले होते आणि ती उगाचच गंभीर चेहरा करून उभी होती.

दोमितिलाने आधी तिचं काम पाहिलं. मुलींना शिकवताना ती कधी ओरडत नसे.

“हे बघ, पोरी. हा तंतू ओढलास, म्हणजे शेजारचा रुसला. त्याला ओढायचं नाही, त्याला जागा द्यायची. परत कर बघू.”

युलेइसीने परत केलं.

“आता कसं?”

“आता तो हसतोय,” युलेइसी म्हणाली.

बायका हसल्या. आउक्सिलियादोरा म्हणाली, “कोमाद्रे, तोंडाने बरी चालते, हाताने चालली की मिळवलं. हिच्या आईचं तर दोन्ही चालायचं नाही.”

दोमितिलाने बाटली काढली. युलेइसीच्या तळहातावर तिने अर्धीच गोळी ठेवली. लहान आहे म्हणून अर्धी, एवढा तिचा हिशोब होता. मुलीने ती अशी गिळली की जणू चर्चमधला प्रसाद.

रांगेच्या टोकाला दोमितिलाची सून मारिसेला उभी होती. पंचविशीची असेल. तिचा नवरा विल्तेर मांता बंदरातल्या मोठ्या मासेमारी जहाजावर असे. एकदा गेला की आठवडेच्या आठवडे समुद्रातच. मारिसेलाच्या बोटांसारखी बोटं त्या डोंगरावर नव्हती. तिची टोपी पाण्याने भरली तरी थेंब गळत नाही, असं लोक म्हणत. तिच्या ठोकळ्यावर जी टोपी होती तिच्यासाठी दलाल एलिसेओ महिनाभर फेऱ्या मारत होता. पण गेले काही महिने मारिसेलाचं डोकं रोजच दुखू लागलं होतं. आधी काम झाल्यावर दुखे. आता डोळे उघडायच्या आत दुखत असे. गोळी घेतली की घटकाभर उतरे, आणि पुन्हा दुप्पट चढे. त्यात चार दिवसांपासून ताप आणि खोकला.

“आई, मला आज जमणार नाही असं वाटतंय,” ती म्हणाली. आवाज जड होता.

“कडेला आलीय टोपी. काठ सोडला तर मागचं सगळं वाया जाईल,” दोमितिला म्हणाली. ते तिने मायेनेच म्हटलं, आणि मायेनेच तिच्या तळहातावर एकाऐवजी दोन गोळ्या ठेवल्या. “घे. थोडं हलकं वाटेल.”

“माझ्याकडचंही घे,” आउक्सिलियादोराने आपल्या पिशवीतून लहान बाटली काढली. उसाची दारू, मध आणि लिंबू. “खोकल्याला याच्यासारखं काही नाही. काल संध्याकाळीही दिलं होतं ना, छान झोपलीस की नाही?”

मारिसेलाने मान डोलावली, गोळ्या गिळल्या आणि वर ते प्यायली. मग ती वाकली.

घटकाभर ओसरीवर फक्त तंतूंची कुसकुस होती. कुणीतरी कुणाच्या तरी जावयाची नक्कल केली. धुकं सावरीच्या झाडांवरून मागे सरलं, पहिलं ऊन अंगणात आलं, आणि बायका पाठी धरत सरळ झाल्या.

मारिसेला सरळ झाली नाही.

“बघा, लाडोबा झोपली,” एकजण म्हणाली.

दोमितिलाने तिच्या खांद्याला हात लावला. खांदा नुसता हलला. तिने तिचा चेहरा वळवला. ओठांची कड निळसर झाली होती. श्वास चालू होता, पण फार लांबलांब, जणू प्रत्येक श्वासाच्या आधी कुणीतरी तिला परवानगी विचारायला पाठवत होतं.

“मारिसेला,” दोमितिला हलक्या आवाजात म्हणाली. मग मोठ्याने. मग तिने तिच्या गालावर चापट मारली. डोळ्यांची पापणी थरथरली आणि पुन्हा मिटली.

एलिसेओची गाडी त्याच वेळी खालच्या वळणावरून वर येत होती, हे त्या घराचं नशीब. तो टोपी बघायला आला होता. पाहताच त्याचा चेहरा उतरला, पण माणूस वाईट नव्हता; त्याने मागचा फाळका पाडला आणि बायकांनी मारिसेलाला घोंगडीसकट उचलून गाडीत ठेवलं. तिची दीड वर्षांची मुलगी झोळीत झोपली होती. शेजारणीने झोळीची दोरी हातात धरली आणि म्हणाली, “जा तुम्ही. मी आहे.”

दोमितिला मागेच बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. तिने तिला कुशीवर वळवून धरलं होतं, कारण तिला उलटी झाली होती. गाडी सुरू करण्याआधी एलिसेओने पुढच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

“दोन्या दोमितिला, ऐका. तिथे विचारतील. अशक्तपणाने पडली म्हणा. ताप होता, खाल्लं नव्हतं, चक्कर आली. संपलं.”

“का?”

“का म्हणजे? परदेशी गोळ्या, कुणाच्या नावाच्या, कुणी आणल्या, कुणाला वाटल्या… उद्या कागद घेऊन माणूस दारात उभा राहील. तुमच्यावर येईल, बहिणीवर येईल. गावभर होईल. आणि तशी काय त्या गोळीनेच पडली कशावरून? तुम्ही सगळ्या घेता. तुम्ही नाही पडलात.”

गाडी निघाली. रस्ता खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्यात मारिसेलाचं डोकं तिच्या मांडीवर ओझ्यासारखं आदळे. तिला एकेक आठवू लागलं. पहाटे मी देते. संध्याकाळी ती कोमाद्रेच्या ओसरीवर विणायला जाते. कोमाद्रेला अर्धी बाटली मीच दिली, तिच्याकडेही बायका जमतात म्हणून. म्हणजे तीही देते. दुपारी? स्वयंपाकघरातल्या फळीवरची बाटली गेल्या आठवड्यात नेहमीपेक्षा लवकर सरली होती. आपण पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं, कारण विचारणं म्हणजे सुनेवर चोरीचा आळ घेणं. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून तापासाठी त्या पुड्या, गरम पाण्यात घालायच्या. किती? दुकानदार मागेल तितक्या देतो.

एलिसेओचं बोलणं तिला पटलं होतं, हेच वाईट होतं. तिच्या मनात वाक्य तयार झालं होतं. अशक्तपणा, डॉक्टरबाई.

शहरातल्या रुग्णालयात मारिसेलाला आत नेलं. तिच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला, नळ्या लावल्या, पडदा ओढला. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आली. तिचं नाव पिन्काय. तिचे केस विस्कटलेले होते आणि तिने दोमितिलाच्या पुढे उभं न राहता तिच्या शेजारी बाकावर बसणं पसंत केलं.

“मावशी, ती तुमची कोण?”

“सून.”

“तिने काय घेतलं होतं?”

एलिसेओ भिंतीला टेकून उभा होता. त्याने घसा खाकरला. “अशक्तपणा आहे हो तिला. खातच नाही. या बायका विणायला लागल्या की…”

“मी मावशींना विचारलं,” डॉक्टर शांतपणे म्हणाली. “मावशी, तिचा श्वास मंद झालाय. तो आम्ही सांभाळू. पण तिच्या पोटात नेमकं काय गेलंय आणि केव्हापासून, हे मला कळलं नाही तर एक गोष्ट माझ्या हातून सुटू शकते. यकृताला मार बसत असेल तर तो आज दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी दिसतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. त्यावर औषध आहे. ते आत्ता द्यायचं की नाही, हे तुमच्या बोलण्यावर आहे.”

दोमितिलाने आपल्या हातांकडे पाहिलं. विणून विणून तिची नखं एका बाजूने झिजली होती. ती खोटं बोलली असती तर तिच्या घराची अब्रू राहिली असती, बहिणीवर काही आलं नसतं, आणि गावाने तिला पूर्वीसारखंच दोन्या म्हटलं असतं. पडद्यामागे कसलंतरी यंत्र एका लयीत वाजत होतं. मग त्याची लय चुकली, आणि कुणाच्यातरी चपला घाईने वाजल्या.

“मी दिल्या,” ती म्हणाली.

“दोन्या,” एलिसेओ म्हणाला.

“तू गप्प बस, एलिसेओ.” तिने स्कर्टच्या खिशातून बाटली काढून डॉक्टरच्या हातात ठेवली. “ही. पहाटे मी देते. आज दोन दिल्या. संध्याकाळी दुसरीकडे मिळते, तीही हीच. मधे ती स्वतः घेत असावी. आणि तापाच्या पुड्या, दुकानातल्या. आणि खोकल्यासाठी दारू. आज पहाटे, काल रात्रीही.”

डॉक्टरने बाटलीवरची चिठ्ठी वाचली, आत जाऊन परिचारिकेला काही सांगितलं आणि ती पुन्हा येऊन बसली. दोमितिलाला वाटलं आता ही ओरडेल. ती ओरडली नाही.

“छान केलंत सांगून. आता शिरेतून दुसरं औषध लावलंय, यकृतासाठी.” तिने निळी गोळी तळहातावर घेतली. “मावशी, तुम्ही विणता ना? मग तुम्हाला कळेल. ही दिसते एक, पण आत तीन धागे आहेत. एक ताप-दुखण्याचं साधं औषध. एक कॉफीतलं. आणि एक झोपेचं, जे डोक्याचे आवळलेले स्नायू सैल करतं. दुकानातल्या पुडीत काय असतं? तेच साधं तापाचं औषध. म्हणजे ते तिने दोन्ही बाजूंनी घेतलं, दिवसेंदिवस, वर ताप, पोटात अन्न नाही. आणि झोपेच्या औषधावर दारू ओतली की श्वास घ्यायचा, हे शरीरच विसरतं. कुणी विष दिलं नाही तिला. प्रत्येकाने थोडं थोडं दिलं. एकमेकांना विचारलं नाही, एवढंच.”

“पण गुण येतो तिने,” दोमितिला म्हणाली. स्वतःच्या बचावासाठी नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं. “सगळ्यांना येतो.”

“येतो. ज्या बाईला लिहून दिली तिला, त्रासाच्या दिवशी, कधीतरी. तिच्या डॉक्टरने तिचं वजन, तिचा रक्तदाब, ती आणखी काय घेते ते पाहून दिली. रोज घेतली की ही गोळीच डोकं दुखवायला लागते. उतरली की दुखतं, म्हणून पुन्हा घ्यायची. तुमच्या सुनेचं डोकं पहाटे उठल्या उठल्या दुखायचं का?”

दोमितिलाने मान डोलावली.

“आणखी कोण कोण घेतं तुमच्याकडे?”

दोमितिला नावं घेऊ लागली. ती स्वतः. आउक्सिलियादोरा. शेजारची लुस्मिला, जिला सहावा महिना होता. लुस्मिलाची सासू, जी रक्तदाबाचीही गोळी घेते. नावं घेता घेता ती युलेइसीपर्यंत आली आणि थांबली.

“आणि?” डॉक्टरने विचारलं.

“एक मुलगी आहे. तेरा वर्षांची. तिला आज पहिल्यांदा दिली. अर्धी.” मुलीने ती प्रसाद घ्यावा तशी गिळली होती, हे तिला सांगता आलं नाही.

डॉक्टर म्हणाली, “आता माझं नीट ऐका, कारण हे महत्त्वाचं आहे. घरी जाऊन रागाच्या भरात बाटल्या ओढ्यात टाकू नका. ज्या रोज घेतात त्यांनी एका दिवसात थांबवलं तर झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. कमी कमी करत उतरायचं असतं, आणि ते डॉक्टरच्या नजरेखाली. उद्या तुमच्या खालच्या आरोग्यकेंद्रात मी असते. सगळ्यांना आणा. लहान मुलीलाही. गर्भवती आहे तिला सर्वांत आधी. मी कुणावर कागद करणार नाहीये, मला फक्त त्या हव्यात.”

त्या दुपारी दोमितिलाने रुग्णालयाच्या आवारातून न्यूयॉर्कला फोन लावला. नेल्वाला सगळं सांगितलं.

“ताई,” नेल्वा म्हणाली, “मी घेतच नव्हते गं. दुखायचं तेव्हा डोक्याला ओला कपडा बांधून झोपायचे. तुमची बाटली भरलेली राहावी म्हणून.”

“वेडी का खुळी तू,” दोमितिला म्हणाली, आणि इतका वेळ न रडलेली ती तिथे, पानांच्या ढिगाशेजारी उभी राहून रडली. “तुझ्या डॉक्टरने तुला दिलंय ना? मग त्याने सांगितल्याप्रमाणे तू घे. आम्हाला साबण पाठव.”

संध्याकाळी मारिसेलाने डोळे उघडले. मुखवट्याआडून बोलणं नीट कळत नव्हतं. दोमितिला वाकली.

“आई, सगळ्यांना सोसतं,” मारिसेला म्हणाली. “मला वाटायचं, माझंच डोकं नाजूक.”

“तुझं डोकं शहाणं आहे. आम्ही त्याचं ऐकलं नाही.”

“टोपी…”

“गप्प राहा.”

बाहेर एलिसेओ टोपीचाच विषय काढणार होता. काठ कुणाला तरी पुरा करायला द्यावा, हंगाम निघून चाललाय. दोमितिलाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने बोटात किल्ली फिरवली आणि तो गाडीकडे निघून गेला. यकृत अजून काही दिवस तपासायचं होतं. धोका टळलाय, असं डॉक्टर म्हणाली नव्हती. ‘वेळेत आलात’ एवढंच म्हणाली होती. विल्तेरच्या जहाजावर निरोप गेला होता. मारिसेलाची आई रुग्णालयात थांबायला आली, तेव्हा दोमितिला शेवटच्या गाडीने डोंगरावर परतली.

दुसऱ्या पहाटे ओसरीवर नेहमीसारखीच माणसं जमली. बातमी सगळ्यांना होती, तरी ठोकळे मांडले गेले होते. धुकं दाट होतं, विणायला सोन्यासारखी वेळ. दोमितिलाने प्रत्येकीला कॉफीची वाटी दिली. तळहात सवयीने पुढे आले.

तळहातावर तिने काही ठेवलं नाही.

“आज विणायचं नाही,” ती म्हणाली. “उजाडलं की सगळ्यांनी खाली आरोग्यकेंद्रात जायचं. यापुढे कुणी किती घ्यायची ते तिथे ठरेल. मी येणार आहे. लुस्मिला, तू आधी.”

“मी? मला काय झालंय?” लुस्मिला म्हणाली.

“ते डॉक्टर सांगेल.”

आउक्सिलियादोराने वाटी कठड्यावर ठेवली. “काय सांगायचं तिथे, कोमाद्रे? डोकं दुखतं? पुरुष बसलेले असतात रांगेत, हात तुटलेले, पाय सुजलेले. त्यांच्यामध्ये जाऊन म्हणायचं, डोकं दुखतं? उद्यापासून वेड्यांच्या यादीत.”

“चालेल मला वेड्यांच्या यादीत.”

“तुला चालेल. तुझी सून पडलीय. माझ्या घरात कुणी पडलेलं नाही.” ती वाईट बोलली, आणि बोलल्यावर तिलाही ते कळलं असावं, कारण ती भराभर पुढे म्हणाली, “आणि मी तिला प्रेमाने दिलं हो. खोकल्यासाठी. मी मारायला नाही दिलं.”

“मीही प्रेमानेच दिलं,” दोमितिला म्हणाली. “जास्त मी दिलं. तुझ्याकडून फक्त एक मागते. ती अर्धी बाटली मला परत दे.”

त्या गावात दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे नातं परत मागणं. आउक्सिलियादोराचा चेहरा लाल झाला.

“हातावर ठेवलेलं परत मागतेस? तीस वर्षांची कोमाद्रे तू. तुझ्या मुलाला मी पवित्र पाण्याखाली धरलं.”

“म्हणूनच मागते. दुसरी कुणी असती तर मी तोंड फिरवून घरात गेले असते.” दोमितिलाने हात एकमेकांत धरले. “काल त्या डॉक्टरने विचारलं, आणखी कोण घेतं. मी सगळी नावं घेतली. तुझ्या युलेइसीचं घ्यावं लागलं मला. तोंडातून निघेना. मी तिला तंतू ओढायचा नाही, जागा द्यायची, असं शिकवते, आणि त्याच हाताने मी तिला हे दिलं. मला आता तिच्याकडे बघवत नाही.”

युलेइसी आजीच्या मागे उभी होती. आउक्सिलियादोराने तिचं मनगट पकडलं.

“चल गं,” ती म्हणाली, आणि दोघी धुक्यात दिसेनाशा झाल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी उठून गेल्या. एकीने जाताना म्हटलं, “दाणा नाही तर ओसरी कशाला.” दुसरीने आपला ठोकळा काखेत मारला होता.

उरलेल्या पाचजणी दोमितिलाबरोबर उतरल्या. रस्ताभर लुस्मिला तिचा दंड धरून चालत होती. आरोग्यकेंद्राच्या व्हरांड्यात रांग होतीच. एक माणूस हाताला फडकं गुंडाळून बसला होता. खिडकीतल्या परिचारिकेने मान वर न करता विचारलं, “काय होतंय?”

दोमितिला खिडकीशी सरकली.

“डोकं दुखतं,” ती म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली. “वर्षानुवर्षं दुखतंय. आणि मी जी गोळी घेते ती माझ्या नावाची नाही.”

फडकंवाला माणूस तिच्याकडे पाहू लागला. परिचारिकेने आता मान वर केली. “रोज घेता?”

“रोज. या सगळ्या रोज घेतात. मीच दिली.”

नावं लिहून झाली. डॉक्टर पिन्कायने लुस्मिलाला आधी आत बोलावलं. बाकीच्या बाकावर दाटीवाटीने बसल्या, हात मांडीवर ठेवून; हातांना काम नसलं की काय करावं हे त्यांना माहीत नव्हतं. दोमितिलाने स्वतःची मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिली. हाडं वाजली. किती वर्षांत आपण सरळ पुढे पाहून बसलो नाही, असं तिच्या मनात आलं. डॉक्टरने काल सांगितलं होतं, वाकून काम करणारीने थोड्या थोड्या वेळाने उठायचं, खांदे फिरवायचे, पाणी प्यायचं. निम्मी दुखणी तिथेच अडतात. इतकं साधं. मुलींना शिकवण्यासारखं.

ऊन पायऱ्यांवर आलं तेव्हा फाटक वाजलं. आउक्सिलियादोरा येत होती. एका हाताने युलेइसीला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. ती दोमितिलाच्या समोरून गेली, तिच्याकडे न बघता. खिडकीशी थांबून तिने मुठीतली बाटली फळीवर ठेवली.

“माझं नंतर,” ती परिचारिकेला म्हणाली. “हिचं आधी लिहा.”

“काय होतंय हिला?”

आउक्सिलियादोराने तोंड उघडलं. काहीही नाही, असंच ते वाक्य असायचं. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरावर बायकांच्या वतीने कुणी ना कुणी हेच सांगत आलं होतं. ती थांबली, आणि तिने मुलीचं मनगट सोडून दिलं.

“तिला विचारा,” ती म्हणाली. “डोकं तिचं आहे.”

परिचारिकेने कागद पुढे ओढला आणि मुलीकडे पाहिलं. युलेइसीने आधी आजीकडे पाहिलं, मग बाकावर ओळीने बसलेल्या बायकांकडे, आणि मग ती बोलू लागली.